स्टिकर नवा, डिस्क किती जुनी?

वाचकाचं पत्र

घरचा डेस्कटॉप २०१६ चा आहे, त्यात ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. गेले दोन-तीन महिने विंडोज उघडायला आठ-दहा मिनिटं लागतात. फोटोंचे काही फोल्डर उघडताना सगळं गोठतं आणि मधूनच आतून ‘टिक’ असा आवाज येतो. इथला दुकानदार १ टीबीची नवी डिस्क १,९०० रुपयांत बसवून देतो म्हणतोय, एक वर्षाची दुकानाची वॉरंटी. डिस्कवर ज्या कंपनीचं नाव आहे ते मी आजवर ऐकलेलं नाही. नावाजलेल्या कंपनीची डिस्क ऑनलाइन दुपटीहून महाग दिसते. अशा स्वस्त डिस्कवर कितपत भरवसा ठेवावा? मुलीच्या बारशापासूनचे फोटो, शिकवणीच्या नोट्स, जमिनीच्या कागदांचे स्कॅन असं सगळं मिळून पावणेदोनशे जीबी आहे. दुसरी प्रत कुठेच नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर

नमस्कार. नव्या डिस्कचं नंतर बोलू. आधी जुनीतले फोटो बाहेर काढा, कारण तुम्ही सांगता ती लक्षणं डिस्क शेवटाकडे आल्याची असू शकतात.

तोवर कॉम्प्युटर गाण्यांसाठी किंवा नेट बघायला चालू करू नका. एक पोर्टेबल हार्ड डिस्क आणा (ती पुढेही लागणार आहे), कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी पोर्टला लावा आणि बारशाच्या फोटोंपासून सुरुवात करा. सातबारा पुन्हा काढता येतो, बारसं पुन्हा होत नाही. एका वेळी एकच फोल्डर कॉपी करा. एखादा फोल्डर गोठला तर तिथेच अडून बसू नका, ती कॉपी रद्द करून पुढचा घ्या आणि अडलेल्यांची नावं कागदावर लिहून ठेवा. पोर्ट यूएसबी २ चा असेल तर सेकंदाला तीसेक एमबीचा वेग मिळतो, म्हणजे पावणेदोनशे जीबीला दीड-पावणेदोन तास. यूएसबी ३ असेल आणि जुनी डिस्क साथ देत असेल, तर त्याहून बराच कमी वेळ लागेल.

या काळात कुणी ‘चेकडिस्क मारून बघू’ किंवा ‘डीफ्रॅग करू’ (विखुरलेल्या फाइली सलग मांडू) म्हणालं तर नको म्हणा. बॅड सेक्टर (डिस्कवरचे खराब झालेले छोटे कप्पे) शोधणारं विंडोजचं चेकडिस्क अख्खी डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचतं आणि वाटेत फाइलींच्या नोंदी ‘दुरुस्त’ही करतं. धडधाकट डिस्कला ते चालतं. अखेरचे चार तास उरलेल्या डिस्कचे ते तास त्यातच संपतात.

टिक आवाजाचं कारण असं. डिस्कच्या आत मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेणारी चकती असते आणि तिच्यापासून काही नॅनोमीटर उंचीवर वाचणारं हेड तरंगत असतं. हेडला जागा सापडली नाही की ते मागे जातं आणि पुन्हा प्रयत्न करतं. अधूनमधून एखादी टिक आली तर कॉपी चालू ठेवा. घड्याळासारखी एका लयीत टक-टक-टक सुरू झाली आणि डिस्क दिसेनाशी झाली तर सरळ बंद करा. तिथून पुढचं काम डेटा रिकव्हरी करणाऱ्या लॅबचं, आणि त्याचा खर्च नव्या डिस्कच्या कित्येक पट असतो. झाकण घरी उघडायचं नाही. धुळीचा कण हेड आणि चकतीमधल्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

फोटो हाती आले की क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात. हे सॉफ्टवेअर तीच नोंद दाखवतं. वरचा निळा ‘गुड’ पाहून खूश होऊ नका, खालचा तक्ता बघा. त्यातले शेवटच्या स्तंभातले आकडे सुरुवातीला षोडशमान पद्धतीत (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेले) असतात. म्हणजे तिथे ६५९० दिसलं तर ते साडेसहा हजार नव्हेत, बरोब्बर २६,००० असतात. फंक्शन मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, तिथे दशमान निवडलं की नेहमीचे आकडे येतात.

तक्त्यातल्या पाच ओळी कामाच्या आहेत. ०५ म्हणजे खराब होऊन राखीव जागेत हलवलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न आलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर. सी६ म्हणजे तपासणीतही न सुधारलेले. बीबी म्हणजे दुरुस्त न होऊ शकलेल्या चुका, ही ओळ सगळ्या डिस्कमध्ये नसते. या चारही ठिकाणी शून्य हवं. पाचवी सी७. ती वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसतो, साटा केबलचा (डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या वायरीचा) असतो. केबल बदला, पन्नास-शंभर रुपयांत काम होतं. हा आकडा मागे येत नाही, पण नव्या केबलनंतर वाढायचा थांबला की समजायचं दुखणं तेच होतं. सीगेटच्या डिस्कमध्ये ०१ आणि ०७ या ओळींत कोटींचे आकडे दिसतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. तो त्या कंपनीचा मोजायचा प्रकार आहे.

तुमच्या डिस्कमध्ये सी५ शून्याच्या वर असेल असा आमचा अंदाज. न वाचता येणारा सेक्टर समोर आला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, विंडोज उत्तराची वाट बघत बसतं आणि तुम्हाला गोठलेला पडदा दिसतो. चारही ओळी शून्य निघाल्या तर मात्र डिस्क निर्दोष असू शकते. विंडोज १० हार्ड डिस्कवरून चालवलं की ते संथच असतं.

आता दुकानदाराची डिस्क. आज जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. सॅमसंगचा हार्ड डिस्कचा धंदा २०११ मध्ये सीगेटने घेतला, हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे गेला. त्यामुळे स्टिकरवर चौथं कुठलंही नाव असेल तर आतली डिस्क या तिघांपैकीच कुणाचीतरी असते आणि वरचं नाव तेवढं नंतर चिकटवलेलं असतं. इतक्या कमी किमतीत मिळणारा असा माल बहुतेक करून वापरलेला असतो. जुन्या ऑफिसांतले पीसी, सर्व्हर, सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारे डीव्हीआर यांतून डिस्क निघतात, पुसल्या जातात, नवं लेबल लागतं आणि बाजारात येतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, ‘रिफर्बिश्ड’ म्हणून सांगून विकणारे आहेत आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते ‘नवी’ म्हणून विकणं.

म्हणून दुकानदाराशी भांडण न करता एवढंच म्हणा: बसवायच्या आधी तुमच्याच मशीनला लावून क्रिस्टलडिस्कइन्फो दाखवा. उजवीकडे वर दोन आकडे असतात, डिस्क किती वेळा चालू झाली आणि एकूण किती तास चालली. कारखान्यातून आलेल्या नव्या डिस्कचे तास शून्य किंवा अगदी एक आकडी असतात. घरच्या पीसीतली डिस्क रोज चार तास चालली तर वर्षाला सुमारे १,४६० तास होतात आणि ती ३६५ वेळा चालू होते. डीव्हीआरमधली रात्रंदिवस चालते, वर्षाला ८,७६०. तेव्हा २६,००० तास आणि फक्त साठ वेळा चालू, असा जोड दिसला तर ती डिस्क तीन वर्षं कुठल्यातरी कॅमेऱ्याचं चित्रण साठवत किंवा सर्व्हरमध्ये फिरत होती, हे उघड आहे. दुकानदाराने काहीही सांगू दे.

हे आकडे शून्यावर आणता येतात, ही त्यातली गोम आहे. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या हजारो तास चाललेल्या सर्व्हर डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. त्यांच्या स्मार्ट नोंदी पुसलेल्या होत्या. पकडल्या गेल्या त्या फार्म नावाच्या दुसऱ्या नोंदीमुळे, कारण ती सीगेट वेगळी ठेवते आणि ती पुसायची राहून गेली होती. तिथे नामांकित डिस्कच्या बाबतीत हे झालं, मग बिननावाच्या डिस्कवर शून्य तास दिसले म्हणून लगेच विश्वास टाकू नका. हातात घेऊन बघा. स्क्रूच्या भोकांत आट्यांवर चकाकते ओरखडे आहेत का? साटा कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर केबल सरकल्याच्या रेघा आहेत का? लेबलावरचा सिरियल नंबर आणि सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा सिरियल नंबर एकच आहे का? आणि एक बारीक गोष्ट, हवेसाठी ठेवलेलं छोटं भोक (‘हे झाकू नका’ असं त्याशेजारी छापलेलं असतं) नव्या स्टिकरखाली गेलेलं नाही ना?

‘दुकानाची वॉरंटी’ म्हणजे डिस्क गेली तर तशीच दुसरी वापरलेली डिस्क मिळणार. फोटोंची वॉरंटी कुणीच देत नाही, मूळ कंपनीही नाही.

तेव्हा उत्तर असं: ही १,९०० ची डिस्क घेऊ नका. मात्र स्वस्त डिस्क वाईट आणि महाग चांगली, असं आम्ही म्हणत नाही. सीगेट बाराकुडा किंवा डब्ल्यूडी ब्ल्यू या घरगुती मालिका कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त डेस्कटॉप डिस्क आहेत आणि तुमच्या कामाला त्या पुरून उरतात. महाग मालिकांमध्ये चोवीस तास चालण्याची आणि एकाच खोक्यात शेजारी आठ डिस्क थरथरत असताना टिकण्याची सोय असते. त्याचे पैसे तुम्ही का द्यायचे?

नावाच्या भरवशाचीही एक मर्यादा आहे. सीगेटचं ३ टीबीचं एसटी३०००डीएम००१ हे मॉडेल इतकं बिघडलं की अमेरिकेत २०१६ मध्ये त्यावर सामूहिक दावा दाखल झाला. त्याच कंपनीची दुसरी मॉडेलं त्याच काळात नीट चालत होती. दुसरीकडे बॅकब्लेझ ही साठवणुकीची सेवा देणारी अमेरिकी कंपनी आपल्या लाखो डिस्कचे आकडे दर तिमाहीला जाहीर करते. २०२४ मध्ये त्यांच्या डिस्क बिघडण्याचं वार्षिक प्रमाण १.५७ टक्के होतं. म्हणजे शंभरातल्या एक-दोन. त्या डेटा सेंटरमधल्या थंडाव्यातल्या डिस्क आहेत, तुमच्या टेबलाखालच्या नव्हेत, पण अंदाज येतो. चांगल्यातली चांगली डिस्क घेतली तरी हा आकडा शून्य होत नाही, म्हणून एका महाग डिस्कपेक्षा दोन साध्या डिस्क घ्याव्यात असं आमचं ठाम मत आहे.

तुमच्यासाठी खरेदी अशी. विंडोजसाठी २४० किंवा ५०० जीबीची साटा एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क). फोटो-कागदांसाठी १ टीबीची नवी ३.५ इंची हार्ड डिस्क (विंडोज ती ९३१ जीबी दाखवेल, फसवणूक नव्हे, मोजण्यातला फरक आहे). आणि मघाशी आणलेली पोर्टेबल. एकदम झेपत नसेल तर मधली डिस्क पुढच्या वर्षी घ्या. पण तोवर फोटो एसएसडीवर आणि पोर्टेबलवर, असे दोन्हीकडे हवेत. नुसत्या एसएसडीवर ठेवू नका. ती मरते तेव्हा टिकटिक करून आगाऊ सूचना देतेच असं नाही, आणि पुसलेली फाइल ट्रिममुळे (पुसलेली जागा एसएसडी लगेच मोकळी करते त्यामुळे) परत मिळणं जवळजवळ अशक्य असतं.

हार्ड डिस्क घेताना मॉडेल नंबर बघायचा, कारण एकाच मालिकेत दोन जाती असतात. सीएमआरमध्ये लिहिण्याचे पट्टे शेजारी-शेजारी असतात. एसएमआरमध्ये कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एसएमआरवर पहिले काही जीबी झपाट्याने जातात आणि मग वेग बसतो. बिघाड समजून लोक परत करायला धावतात. फोटो साठवायला आणि बॅकअपला ती चालते, विंडोज टाकायला नको. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने रेड मालिकेच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं सांगितलं नव्हतं म्हणून मोठी ओरड झाली. तेव्हापासून कोणतं मॉडेल कोणत्या जातीचं, याच्या याद्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर मिळतात. १ टीबीत बाराकुडाचं एसटी१०००डीएम०१० आणि ब्ल्यूचं डब्ल्यूडी१०ईझेडईएक्स ही दोन्ही सीएमआर आहेत. २ टीबीचं बाराकुडा एसटी२०००डीएम००८ मात्र एसएमआर.

पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. घरी येताच कंपनीच्या वॉरंटी पानावर तो नंबर टाका. या मालिकांना सहसा दोन वर्षांची वॉरंटी असते. ‘हा नंबर ओईएमचा आहे’ (म्हणजे डिस्क कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीला दिलेली होती) किंवा ‘दुसऱ्या देशातला आहे’ असं उत्तर आलं तर परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करा.

मग लगेच फोटो ओतू नका. नवी डिस्क पहिल्या काही आठवड्यांत दगा देण्याची शक्यता असते, तेव्हा दगा द्यायचाच असेल तर रिकामी असताना देऊ दे. क्रिस्टलडिस्कइन्फोच्या तक्त्याचा फोटो काढा. डिस्क फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढा. असा पूर्ण फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितो, १ टीबीला दोन-तीन तास जातात. ते झालं की जीस्मार्टकंट्रोल या फुकट सॉफ्टवेअरमधून एक्स्टेंडेड सेल्फ टेस्ट (डिस्कने स्वतःची केलेली पूर्ण तपासणी) चालवा, आणखी दोनेक तास. शेवटी तक्ता पुन्हा बघा. ०५, सी५, सी६ यांत एक जरी आकडा आला, तरी ‘एकच तर आहे’ म्हणू नका. परत करा. वर्षानुवर्षं चालून ०५ मध्ये दोन-चार आले आणि तिथेच थांबले, तर गोष्ट वेगळी. नव्या डिस्कला ही सवलत नाही.

तक्ता स्वच्छ असला म्हणजे डिस्क जाणारच नाही, असंही नाही. गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखभर डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये मुख्य धोक्याच्या ओळींत आधी एकही नोंद नव्हती. उलट पहिली स्कॅन चूक (पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) दिसलेल्या डिस्क पुढच्या साठ दिवसांत जाण्याची शक्यता अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. आकडा दिसला तर ऐका, नाही दिसला तर निर्धास्त राहू नका.

बसवताना विजेकडे लक्ष द्या. जुन्या कॅबिनेटमध्ये विजेचे साटा कनेक्टर कधी कधी कमी पडतात, मग दुकानदार मोठ्या चार पिनी ते साटा असं कन्व्हर्टर लावतो. त्यातलं प्लास्टिक ओतून बनवलेलं स्वस्त कन्व्हर्टर आतून शॉर्ट होऊन जळतं, ते टाळा. शक्यतो एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) स्वतःच्या साटा वायरीवर लावा. चकती फिरायला सुरुवात होते त्या क्षणी ३.५ इंची डिस्क १२ व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत ओढते. दहा वर्षं जुना, हलका एसएमपीएस तिथे कोलमडतो आणि नाव खराब होतं डिस्कचं. वीज अचानक गेली तर चकतीच्या उरलेल्या गतीतूनच वीज घेऊन डिस्क हेड बाजूला उभं करते. ही सोय आणीबाणीची आहे, रोजची नव्हे. अर्धवट लिहिलेली फाइल तर त्यानेही वाचत नाही. ६०० व्हीएचा साधा यूपीएस लावा. तो पाच-दहा मिनिटं देतो, कॉम्प्युटर नीट बंद करायला तेवढी पुरतात. उन्हाळ्यात डिस्कचं तापमान ४५ अंशांच्या आत राहील असं बघा. पुढच्या जाळीतली धूळ काढली तरी बरंच काम होतं.

एसएसडीवर विंडोज नव्याने टाका, आजारी डिस्कची क्लोन (हुबेहूब नक्कल) काढू नका. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट (सुरक्षेची अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि २०१६ चा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, तेव्हा बँकेचे व्यवहार त्या मशीनवर करत असाल तर तो विचार याच वेळी करून टाका.

पोर्टेबल डिस्क महिन्यातून एकदा, वीजबिल भरायच्या दिवशी, लावायची. नवे फोटो कॉपी करायचे, त्यातले दोन-चार उघडून बघायचे आणि काढून कपाटात ठेवायची. सतत लावून ठेवली तर व्हायरस किंवा वीज पडली की दोन्ही प्रती एकदम जातात. चालू असताना ती उचलू-हलवू नका. त्या अडलेल्या फोल्डरांची यादी सांभाळून ठेवली असेल, तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू (बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढणारं सॉफ्टवेअर) त्यातलं आणखी थोडं सोडवू शकतं. जाणकार माणूस मिळाला तर त्याच्याकडून करून घ्या.

आणि हे सगळं झाल्यावर जुनी डिस्क दोनशे रुपये कमी होतात म्हणून दुकानात एक्स्चेंजला देऊ नका. तीच पुसून, नवं स्टिकर लावून दुसऱ्या कुणाला तरी मिळेल, आणि नीट पुसली गेली नाही तर तुमच्या जमिनीच्या कागदांसकट. ड्रिलने चकतीतून आरपार दोन-तीन भोकं पाडा आणि मग ई-कचऱ्यात द्या. डोळ्यांवर चष्मा ठेवा, काही चकत्या काचेच्या असतात.